दर शुक्रवारी एसटीपीचा वास येतो? आधी वार लिहून ठेवा

आमच्या सोसायटीत शुक्रवार उजाडला की सकाळी नऊच्या सुमाराला बी विंगच्या खालच्या दोन मजल्यांच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. एसटीपीचा, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचा, सडक्या अंड्यांसारखा वास. बारापर्यंत तो विरायचा, दुपारी सगळे विसरायचे, आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. या काळात आम्ही कंत्राटदार बदलला, दर महिन्याला 'कल्चर'च्या, म्हणजे मैला खाणाऱ्या जिवाणूंच्या, पुड्या ओतल्या, एक्झॉस्ट फॅन मोठा बसवला, कुणीतरी सांगितलं म्हणून दोन घमेली शेण कालवून टाकलं आणि गेटजवळ सुगंधी फवारणीसुद्धा केली. मोगरा आणि सडकी अंडी एकत्र कशी लागतात ते आता मला ठाऊक आहे.

वार्षिक सभेत (एजीएम) मी एकदा नको तेवढा बोललो, म्हणून एसटीपी माझ्याच गळ्यात पडला. माझं आयुष्य पिंपरीच्या वर्कशॉपमध्ये मशिनांच्या दुरुस्तीत गेलं, सांडपाण्यातलं मला शून्य कळत होतं. पण वारंवार येणारा बिघाड कसा शोधायचा ते कळत होतं, आणि शेवटी तेच कामाला आलं. तुमच्या सोसायटीतही वास, फेस किंवा गढूळ पाणी 'अधूनमधून' येत असेल, तर आधी हा 'अधूनमधून' मोडून काढा. कधी, किती वाजता, कुठल्या कोपऱ्यात. बाकीचं मग.

आधी आमचा प्लांट सांगतो, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. सिंहगड रस्ता, १८० फ्लॅट. घरटी चार माणसं धरली तर ७२० जण, माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन खाली येतं. म्हणजे रोज ७५ ते ८० हजार लिटर. प्लांटची क्षमता रोजची एक लाख लिटर, त्यामुळे 'प्लांट लहान पडतो' ही तक्रार आमच्याकडे खोटी होती. मांडणी जुनी आणि साधी आहे. जाळी, तेल अडवणारी टाकी, मैला साठवणारी २५ हजार लिटरची कलेक्शन टाकी, तिथून पंपानं एअरेशन टाकीत (इथे हवेवर जगणारे जिवाणू मैला खातात), मग गाळ खाली बसवणारी सेटलिंग टाकी, शेवटी वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर, हायपो (क्लोरीनचं द्रावण), आणि पाणी फ्लशला व बागेला. हवेसाठी ५ एचपीचे दोन ब्लोअर, आलटून पालटून चालणारे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. या प्लांटमध्ये ब्लोअर एकच काम करत नाही, चार करतो. जिवाणूंना प्राणवायू देतो. गाळ पाण्यात तरंगता ठेवतो. कलेक्शन टाकीतलं पाणी ढवळतो. आणि सेटलिंग टाकीत बसलेला गाळ एअरलिफ्टनं, म्हणजे हवेच्या जोरावर पाणी वर ओढणाऱ्या पाइपानं, परत एअरेशनमध्ये आणतो. ब्लोअर थांबला की चारही कामं एकदम थांबतात, आणि टाकीतला विरघळलेला प्राणवायू जिवाणू पाच-दहा मिनिटांत संपवतात.

तर आता वाराची गोष्ट. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी वासाच्या दिवशी लाल खूण करायला लागलो. सहा आठवडे झाले, पाच खुणा, पाचही शुक्रवारी. पुण्यात राहणाऱ्याला शुक्रवार म्हटल्यावर गुरुवार आठवायला हवा होता, पण मला तो आठवला सहाव्या आठवड्याला, लिफ्टमध्ये अडकल्यावर. गुरुवार म्हणजे आपल्याकडे दुरुस्तीचा वार. पाणी बंद असलं तर गुरुवारी, वीज बंद असली तर बहुतेक गुरुवारीच. सकाळी दहाला जायची ती संध्याकाळी पाच-सहाला यायची. ज्या गुरुवारी वीज गेली नव्हती, त्याच्या दुसऱ्या दिवशी खूण नव्हती. सहापैकी तो एक.

मी ऑपरेटरला विचारलं, वीज गेली की ब्लोअरचं काय होतं? तो म्हणाला, "काका, बंद पडतो, आली की चालू करतो." मुलगा खोटं बोलत नव्हता. फक्त त्याची ड्यूटी पाचला संपायची आणि वीज यायची सहाला. जनरेटरवर लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पिण्याच्या पाण्याचे पंप होते, एसटीपीचं पॅनल नव्हतं. वीज गेली की स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) सुटतो, आणि तो परत ओढायला कुणीतरी हिरवं बटण दाबावं लागतं. ते दाबणारा घरी गेलेला. गेटवरच्या दादांना बटण कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, आणि ते त्यांचं काम आहे असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. म्हणजे गुरुवारी सकाळी दहा ते शुक्रवारी सकाळी नऊ, एकूण २३ तास टाकी हवेशिवाय.

इथवर तरी बरं होतं. खरी मेख पुढे आहे. कलेक्शन टाकीतला पंप फ्लोटवर, म्हणजे पाण्याची पातळी बघून आपोआप चालणारा, ऑटोमध्ये. ब्लोअर मॅन्युअलमध्ये. संध्याकाळी सहाला वीज आली की दिवसभरात काठोकाठ भरलेल्या, शिळ्या झालेल्या कलेक्शन टाकीतून पंप आपला इमानदारीनं मैला एअरेशनमध्ये ढकलायला लागायचा, तोही रात्रभर. तिथे हवा नाही, गाळ तळाला बसलेला. सेटलिंग टाकीतला गाळ परत येत नाही, तो तिथेच कुजतोय. पॅनल ज्यानं बांधलं त्यानं पंपाला ऑटो दिला आणि ब्लोअरला का दिला नाही, हे मला आजही कळलेलं नाही. मी नंतर ओळखीच्या चार सोसायट्यांची पॅनल उघडून बघितली, दोघांकडे हाच प्रकार.

आणि सकाळी नऊला ऑपरेटर येऊन ब्लोअर चालू करायचा. रात्रभर पाण्यात विरघळून बसलेला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, हवेच्या बुडबुड्यांबरोबर एकदम बाहेर पडायचा. म्हणजे वास ब्लोअर बंद असताना येत नव्हता, तो चालू केल्यावर येत होता. लोकांनी यावरून काय निष्कर्ष काढावा? मागच्या कमिटीनं ठराव केला होता की, सकाळी ज्येष्ठ नागरिक फिरायला येतात तेव्हा ब्लोअर बंद ठेवावा. रोगाचं कारण हेच औषध म्हणून लिहून दिलेलं. ठराव रजिस्टरमध्ये आहे, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसकट. त्यातली एक सही माझ्या बायकोची आहे, म्हणून मी फार बोलत नाही.

लॉगबुक आणि मीटर

तुमच्याकडे लॉगबुक असेलच. आमच्याकडेही होतं. 'ब्लोअर २४ तास, डीओ २.१, पीएच ७.२, पाणी स्वच्छ.' (डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू.) महिनाभर रोज हेच, एका पेनानं, एका बसणीत लिहिलेलं. ऑपरेटरला मी बोल लावत नाही. ती वही कुणी वाचतच नाही हे त्याला माहीत होतं, आणि डीओ मीटर तर कंत्राटदारानं कधी दिलाच नव्हता.

ब्लोअरच्या पॅनलवर तासांचा मीटर बसवा. गाडीच्या किलोमीटरसारखा तो फक्त पुढे जातो. मोटर जितके तास चालली तितकेच दाखवतो. हजाराच्या आत येतो आणि खोटं बोलत नाही. आम्ही दोन्ही ब्लोअरला एकेक लावला. पहिल्या आठवड्यात दोन्ही मिळून १६८ तास भरायला हवे होते, भरले १३१. गुरुवारचे २३ गेले, उरलेले १४ कुठे गेले? ते रोजचे दोन-दोन तास होते, ठरावातले, सकाळच्या फिरण्याचे. आता ऑपरेटर रोज सकाळी मीटरचा फोटो ग्रुपवर टाकतो. वही त्यानंतर आपोआप खरी झाली.

एवढं करून ब्लोअरचे तास पूर्ण भरत असतील आणि तरीही वास असेल, तर हवा टाकीत पोहोचते का ते बघा. ब्लोअरवरचा दाबाचा गेज वाचा. डिफ्यूझरवर (टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडणारं सच्छिद्र रबर) साडेतीन मीटर पाणी असेल तर साधारण ०.३५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब पाण्याचाच असतो, वर थोडा पाइपाचा आणि डिफ्यूझरचा. हा आकडा महिन्यागणिक वर चढत असेल तर डिफ्यूझर चोंदतायत. एकदम पडला असेल तर पाइप सुटलाय किंवा रबर फाटलंय. फाटलेलं डोळ्यांनीही दिसतं. टाकीत सगळीकडे बारीक फेसाळ बुडबुडे असायला हवेत, त्याऐवजी एका जागी आधण आल्यासारखं खदखदतं आणि बाकीचा पृष्ठभाग थंड पडलेला असतो.

आम्ही काय बदललं

इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन गोष्टी करून घेतल्या. वीज आल्यावर ब्लोअर आपोआप सुरू होण्यासाठी टायमर लावला, दोन मिनिटांच्या उशिरानं, म्हणजे सगळ्या मोटरी एकदम उठत नाहीत. फेज पडली तर मोटर जळू नये म्हणून प्रिव्हेंटर होताच, तो तपासून घेतला, कारण आपोआप चालू होणाऱ्या मोटरीला तो नसेल तर पुढचा खर्च रिवाइंडिंगचा. दुसरं, इंटरलॉक केला: ब्लोअर चालू नसेल तर मैल्याचा पंप चालणारच नाही. तिसरं, एक ब्लोअर जनरेटरवर घेतला. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट, आमच्या जनरेटरला तेवढी जागा होती. तुमच्या नसेल तर पहिल्या दोन गोष्टींवरही बराच फरक पडतो. सगळा खर्च दोन महिन्यांच्या कल्चरच्या बिलापेक्षा कमी आला.

इंटरलॉक लावताना एक हिशेब मात्र करा. पंप थांबला तर कलेक्शन टाकी किती वेळ तग धरेल? आमची २५ हजारांची, तासाला सरासरी सव्वातीन हजार येतं, म्हणजे रिकामी असेल तर साडेसात तास. पण सकाळी सहा ते दहा सरासरीच्या दुप्पट-तिप्पट येतं, तेव्हा तो हिशेब चालत नाही. म्हणून बुधवारी रात्री टाकी खाली उतरवून ठेवायची आणि अगदी वरच्या पातळीला एक घंटा लावायची. घंटा गेटवर वाजली पाहिजे. तळघरात वाजणारी घंटा फक्त उंदरांना ऐकू येते.

समजा हे सगळं असूनही एखाद्या वेळी ब्लोअर रात्रभर बंद राहिलाच. ऑपरेटरचा हात सवयीनं हिरव्या बटणाकडे जातो, तो आधी धरा. मैल्याचा पंप बंद करा. एक्झॉस्ट आणि ताज्या हवेचा पंखा दोन्ही चालू करा, तळघरात कुणी थांबू नका. मग ब्लोअर दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद, असा तासभर. वायू थोडा थोडा निघून जातो, सगळ्या इमारतीवर एकदम चढत नाही. त्यानंतर सलग. जमलं तर हे रात्री उशिरा करा. नवा मैला चार-पाच तास देऊ नका, आणि पहिल्या तासाभरात सेटलिंग टाकीतला गाळ परत येतोय की एअरलिफ्टच्या पाइपात अडकलाय ते बघा. आमचा दर वेळी अडकलेला असायचा. पाण्याच्या होजनं उलटा मारा दिला की सुटतो.

हे आटोपलं की एअरेशन टाकीतल्या पाण्याचा निरोगी चॉकलेटी रंग दोन-तीन दिवसांत परत येतो. चांगल्या चालणाऱ्या एअरेशन टाकीला घाण वास नसतो. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा, ओलसर वास असतो. मला तो पहिल्यांदा आला तेव्हा वाटलं, बागेतली कुंडी कुणीतरी आत आणून ठेवलीय.

टाकीत कुणीही उतरायचं नाही

शोधाशोधीच्या काळात कंत्राटदाराच्या माणसानं सुचवलं होतं की, गाळाची टाकी रिकामी करून आतून साफ करू, एक माणूस उतरवतो. नाही म्हणा, आणि लेखी नाही म्हणा. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाला साचून राहतो. त्याहून वाईट म्हणजे प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस आणखी एक पायरी उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. सुरक्षेची साधनं न देता माणसाला सेप्टिक टाकीत किंवा गटारात साफसफाईला उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. सक्शनची गाडी बोलवा, वरून पाइप सोडा.

अलिबागची अमावस्या

हे सगळं मी माझ्या मावसभावाला फोनवर सांगत होतो. त्याचं अलिबागजवळ खाडीच्या काठाला छोटं लॉज आहे, २२ खोल्या, आणि रोज दहा हजार लिटरचा तयार पेटीसारखा प्लांट. तो म्हणाला, "दादा, माझ्याकडे वार नाही, तिथी आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतर दोन दिवस पाणी गढूळ आणि वास. गडी म्हणतात, जागेचं काहीतरी आहे, नारळ द्या."

नारळ देण्यात नुकसान काही नाही. पण किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमा म्हणजे उधाण, हे त्याच्या गड्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी फक्त ते प्लांटशी जोडलं नव्हतं. मी त्याला एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, घ्यायला सांगितलं. सांडपाण्याचा टीडीएस नळाच्या पाण्यापेक्षा दोन-चारशेनं जास्त असतो, तेवढं चालतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे प्लांटमध्ये येणाऱ्या पाण्यात फक्त ५ टक्के समुद्र मिसळला तरी आकडा १,७०० च्या वर उडी मारतो. लपून राहत नाही.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटांचा भरवसा नाही, पण चेंबर उघडायला पुरतो. भावानं पौर्णिमेला अकरापासून खाडीकडच्या शेवटच्या चेंबरपासून सुरुवात केली आणि एकेक चेंबर मोजत वर आला. पहिल्या दोन चेंबरांत हजारांचे आकडे, तिसऱ्यात एकदम साधे. दोष दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये नव्हता, तो दुसऱ्या चेंबरातच होता. पावसाळ्यात तुंबलं तर पाणी खाडीत जावं म्हणून कुणीतरी कधीकाळी तिथून ओव्हरफ्लोचा पाइप काढला होता. ओहोटीला तो बाहेर वाहायचा. उधाणाच्या भरतीला खाडी त्याच वाटेनं आत यायची. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी तेवढं चढायचं नाही, म्हणून मधले दिवस सगळं ठीक.

खारं पाणी आलं की दोन गोष्टी होतात. जिवाणूंना मिठाचा झटका बसतो, गाळाचे पुंजके विस्कटतात, बसत नाहीत, पाणी दुधाळ जातं. खारेपणा कायमचा असता तर जिवाणू काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण महिन्यातून दोनदा झटका आणि मध्ये गोडं पाणी, यात त्यांना सवय व्हायला उसंतच मिळत नाही. दुसरं म्हणजे सल्फेट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते जवळपास २,७०० मिलीग्रॅम असतं, आणि हवा नसलेल्या चेंबरात त्याचाच हायड्रोजन सल्फाइड होतो. म्हणून किनाऱ्यावरचा वास आपल्या पुण्याच्या वासापेक्षा जबर, आणि तिथली काँक्रीटची झाकणं आतून भुसभुशीत. त्याच्या लॅबच्या अहवालात सीओडीही (पाण्यातल्या घाणीचं एक माप) भलताच फुगलेला यायचा. क्लोराइड जास्त असलं की ती चाचणी फसते, लॅबला पाणी खारं आहे हे आधी सांगावं लागतं. भावानं ओव्हरफ्लोच्या तोंडाला झडप लावली, चेंबर आतून वॉटरप्रूफ प्लास्टर केलं. नारळही दिला.

पुण्यात समुद्र नाही, पण ओढे आणि नदी आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीच्या सोसायट्यांत मुठा घुसली, ते आमच्यापासून लांब नाही. ओढ्याकडे ओव्हरफ्लोचा पाइप काढलेला असेल तर तुमच्याकडेही पावसाळ्यात तीच खाडी आहे, फक्त गोडी. झडप आहे का, आणि असलीच तर प्लॅस्टिकची पिशवी अडकून उघडी राहिली नाही ना, एवढं मे महिन्यात बघून घ्या.

वार सापडला नाही तर

मग काचेचं नळकांडं काढा. एक लिटरचं, सरळ उभं. ब्लोअर चालू असताना एअरेशन टाकीतलं पाणी भरा आणि अर्धा तास हलवू नका. आमच्यासारख्या प्लांटला गाळ २५० ते ४०० मिलीलिटरच्या खुणेवर बसला आणि वरचं पाणी नितळ असलं तर टाकी निरोगी आहे. १०० च्या खाली असेल तर जिवाणू फार कमी आहेत. ६०० च्या वर असेल तर दोन शक्यता. त्याच पाण्यात तेवढंच फिल्टर झालेलं पाणी (अर्धं-अर्धं) मिसळून परत करा. आकडा झटकन निम्म्याखाली आला तर गाळ नुसता जास्त झालाय, काढा. फारसा हलला नाही तर गाळ फुगीर, दोऱ्यांसारखा झालाय, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा पुन्हा कमी हवेत किंवा तेलात असतं. तुमचा प्लांट एमबीबीआर असेल तर हे आकडे विसरा, तिथे जिवाणू प्लॅस्टिकच्या चकत्यांवर वाढतात, पाण्यात नाही.

नळकांडं लगेच ओतून देऊ नका. आणखी दीड-दोन तास ठेवा. खाली छान बसलेला गाळ बुडबुडे घेऊन वर तरंगायला लागला, तर सेटलिंग टाकीतही तेच होतंय. तो कुजल्याचा प्रकार असेलच असं नाही. नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो आणि तो गाळाला उचलतो. गाळ सेटलिंगमध्ये फार वेळ बसू देऊ नका, परतीचा वेग वाढवा.

फेसाबद्दल थोडक्यात: पांढरा, हलका, साबणासारखा फेस नव्या किंवा जिवाणू मेलेल्या टाकीत येतो आणि बहुधा आपोआप जातो. तपकिरी, तेलकट, साय धरल्यासारखा फेस म्हणजे म्हातारा गाळ आणि स्वयंपाकघरातलं तेल. पाणी मारून तो मोडत नाही, झाऱ्यानं काढावा लागतो.

आणि गाळ काढणं. आमच्या शुक्रवारच्या भानगडीखाली लपलेला दुसरा दोष हाच होता. गाळ दाबून त्यातलं पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसचं कापड फाटलं होतं, ते बदलायचं कुणाच्याच करारात नव्हतं, म्हणून आठ महिने गाळ काढलाच नव्हता. हिशेब सोपा आहे. रोज ८० हजार लिटर घरगुती मैल्यातून ढोबळमानानं सहा-आठ किलो कोरडा गाळ तयार होतो. तो पातळ स्वरूपात सहाशे ते आठशे लिटर भरतो, रोज. तो तुम्ही काढला नाही तर सेटलिंगच्या कडेवरून स्वतः निघून जातो, तुमच्या फिल्टरमध्ये आणि तिथून फ्लशच्या टाकीत. मग लोक म्हणतात, कमोडमध्ये पिवळं पाणी येतं. रोज थोडा काढा. महिन्यातून एकदा सगळा काढणं म्हणजे महिनाभर उपास आणि एक दिवस जेवणावळ.

कल्चरविषयी माझं मत विचारतात म्हणून लिहितो. नवा प्लांट सुरू करताना किंवा सगळे जिवाणू मेल्यावर त्याचा थोडा उपयोग होतो, त्यापेक्षा शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या प्लांटमधून एक टँकर गाळ आणला तर जास्त होतो. पण हवा बंद असलेल्या टाकीत दर महिन्याला पुडी ओतणं म्हणजे श्वास कोंडलेल्या खोलीत आणखी माणसं कोंबणं.

गुरुवार मिटल्यावर तीन महिने शांतता होती, मग दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात टाकी पुन्हा पांढरी पडली. यावेळी खुणेची गरज नव्हती. १८० घरांत एकाच शनिवार-रविवारी बाथरूमच्या फरश्या अॅसिडनं घासल्या गेल्या, वर फिनाइल. पुढच्या आठवड्यात चकल्यांचं तेल. आता आम्ही घटस्थापनेच्या सुमाराला जिन्यात कागद लावतो: अॅसिड नको, तळणाचं तेल बाटलीत भरून गेटवर द्या. निम्मे लोक ऐकतात. पीएच ६.५ च्या खाली गेला की ऑपरेटर मला फोन करतो आणि आम्ही एक दिवस मैला हळू सोडतो. पावसाळ्याचं तर विचारूच नका. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा एक पाइप मैल्याच्या चेंबरला जोडलेला सापडला, मोठ्या सरीत पाणी दुप्पट यायचं. तोडून नाल्याकडे वळवला.

सगळं नीट झाल्यावरही एका घरातून तक्रार येतच होती. सी विंग, पाचवा मजला, रोज रात्री, फक्त बाथरूममध्ये. प्लांटमध्ये काही नाही, मीटरचे तास पूर्ण, नळकांडं नितळ. मी तीनदा गेलो. शेवटी लक्षात आलं की वास त्यांच्या नव्हे, शेजारच्या बंद फ्लॅटमधून शाफ्टमधून येत होता. मालक परदेशात, वर्षभर नळ उघडलेला नाही, नहाणीच्या ट्रॅपमधलं, ड्रेनेजची हवा अडवणारं पाणी वाळून गेलेलं, आणि ड्रेनेजची हवा सरळ घरात. किल्ली पाचव्या मजल्यावरच्या काकूंकडेच होती. आता त्या दर पंधरा दिवसांनी जाऊन प्रत्येक ट्रॅपमध्ये एकेक तांब्या पाणी ओततात.